शेवटच्या पावलावरची हार

गेल्या मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आमच्याकडे आली होती. महाविद्यालयात इंग्रजी साहित्य हा तिचा विषय. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचे तिन्ही खंड तिने ओटीवरच्या झोपाळ्यात बसून पंधरवड्यात संपवले आणि एका दुपारी पुस्तक मिटून मला विचारले, “मामा, शेवटी फ्रोडो हरला ना? मग त्याचा एवढा सन्मान का केला त्यांनी?”

मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. भाची परत गेली; प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. त्याचे कारण केवळ कादंबरीत नाही, हे पुढे येईलच.

आपल्याकडे अशा पुस्तकांकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. काही घरांत ती पोरखेळ ठरतात, तर काही घरांत जादूचे नाव ऐकूनच पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र आधी सांगतो. एक अंगठी आहे. ती धारण करणाऱ्याला सामर्थ्य देते आणि हळूहळू त्याचे मन गिळून टाकते. ती घडवणाऱ्या दुष्ट अधिपतीच्या हाती पुन्हा पडली तर सारे जग गुलाम होईल. चांगल्या हेतूने कोणी ती वापरू गेला तर तोही अखेर दुसरा जुलमीच होईल. तेव्हा उपाय एकच. ज्या ज्वालामुखीच्या आगीत ती घडली तिथेच तिला टाकून नष्ट करायचे. हे काम राजे-सरदारांना सोडून माणसाच्या निम्म्या उंचीच्या, सुखवस्तू, घरकोंबड्या जमातीतल्या फ्रोडोच्या वाट्याला येते. तो ते स्वखुशीने स्वीकारतो. उपासमार, जखमा, विषारी दंश आणि क्षणोक्षणी जड होत जाणारे गळ्यातले ते ओझे सोसत तो आपला सोबती सॅम याच्यासह त्या आगीच्या कड्यापर्यंत पोहोचतो. आणि तिथे, अगदी शेवटच्या पावलावर, तो अंगठी टाकण्याचे नाकारतो. ती आता माझी आहे, असे जाहीर करून बोटात घालतो. त्याच्या मागावर गॉलम नावाचा एक दीन जीव असतो. ही अंगठी शतकानुशतके बाळगून त्याच्या देहाचा आणि मनाचा चोथा झालेला आहे. तो झडप घालतो, फ्रोडोचे बोट दातांनी तोडतो आणि हर्षाच्या भरात तोल जाऊन अंगठीसकट आगीत कोसळतो. जग वाचते; परंतु ते नायकाच्या निर्धाराने वाचत नाही.

भाचीचा प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. कादंबरी १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर टॉल्किन यांना वाचकांची पत्रे आली. त्यांतल्या एकाने तर संतापून लिहिले होते की, फ्रोडोचा गौरव कसला करता, त्याला देशद्रोही म्हणून देहदंड द्यायला हवा होता. टॉल्किन यांनी या आक्षेपाला पत्रांतून सविस्तर उत्तरे दिली. ती आज छापील रूपात उपलब्ध आहेत.

आता माझे सांगतो. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थाने अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आईची नऊ वर्षे सेवा केली. अंघोळ, औषध, भरवणे, रात्रीची जाग, सारे एकट्याने. त्यापायी नोकरीतली बढती सोडली, लग्नाचे वय सोडले. दहाव्या वर्षी एके दिवशी त्याने आईला वृद्धाश्रमात नेऊन ठेवले आणि पुढे तिला भेटायलाही गेला नाही. दोन महिन्यांनी ती तिथेच वारली. दफनविधीनंतर, कबरस्तानाच्या फाटकापाशी, मी त्याला म्हणालो, “एवढी वर्षे काढलीस; आणखी दोन महिने निघाले नसते?” त्याने मान खाली घातली. तेव्हापासून तो मिस्साला येतो, मागच्या बाकावर बसतो आणि ख्रिस्तप्रसाद घेत नाही.

सर्व शक्ती वेचून जो शेवटी मोडतो तो दोषी की नुसताच पराभूत? या प्रश्नाचा माग काढायचा तर टॉल्किन यांच्या कथेची मुळे जिथे आहेत त्या जुन्या ग्रंथांकडे जावे लागते. हा लेखक पेशाने प्राध्यापक होता. १९२५ पासून ऑक्सफर्डमध्ये त्यांनी प्राचीन इंग्रजी शिकवली. त्यांच्या बुटक्यांची नावे, इतकेच काय, गॅन्डाल्फ या जादूगाराचे नावही, आइसलँडमधील ‘एड्डा’ या काव्यसंग्रहातल्या एका यादीतून आले आहे. ‘द हॉबिट’मधला ड्रॅगन एका पेल्याच्या चोरीने खवळतो तो ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यातल्या ड्रॅगनसारखाच. अभ्यासक अशा उसनवारीच्या लांबलचक याद्या करतात. मला त्यांत फारसा रस नाही. नाव कुठून आले हे कळल्याने कथा कळत नाही. जुन्या कवीला छळणारा कोणता प्रश्न नव्या लेखकाने उचलला, ते पाहायला हवे.

‘बेओवुल्फ’ ३१८२ ओळींचे आहे आणि त्याचे एकच हस्तलिखित उरले आहे. १७३१ च्या आगीत त्याच्या कडा होरपळल्या. काव्याचा कर्ता ख्रिस्ती होता, त्याचे नायक मात्र सुवार्ता न ऐकलेले त्याचे पूर्वज. तरुणपणी दोन राक्षसांना मारणारा बेओवुल्फ पन्नास वर्षे राज्य करून म्हातारपणी ड्रॅगनशी लढायला निघतो. एक जण सोडून बाकी सारे सोबती पळून जातात. ड्रॅगन मरतो आणि राजाही मरतो. १९३६ साली ब्रिटिश अकादमीपुढे दिलेल्या व्याख्यानात टॉल्किन यांनी विद्वानांना सुनावले की, तुम्ही या काव्यातून इतिहासाचे तुकडे उकरत बसलात आणि राक्षसांना बाळबोध समजून बाजूला सारलेत. वस्तुतः राक्षस हेच काव्याचे मर्म आहे. माणसाला अखेर हरायचेच आहे, तरी हार म्हणजे आपली बाजू खोटी असल्याचा पुरावा नव्हे, ही उत्तरेकडच्या त्या लोकांची श्रद्धा होती.

हीच श्रद्धा ९९१ साली झालेल्या माल्डनच्या लढाईवरील काव्यात अधिक उघडपणे दिसते. सेनानी पडला आहे, व्हायकिंगांची सरशी झाली आहे, आणि एक वृद्ध योद्धा उरलेल्यांना सांगतो की बळ जसजसे ओसरेल तसतसे मन अधिक कणखर झाले पाहिजे. हे वाचताना आजही छाती भरून येते. टॉल्किन यांनाही त्याचे मोल होते. पण १९५३ मध्ये या लढाईवर लिहिताना त्यांनी दुसऱ्याच गोष्टीवर बोट ठेवले. शत्रूला खाडी ओलांडू देणाऱ्या सेनानीच्या अहंकाराची किंमत साध्या शिपायांनी मोजली.

या वीरधर्मात एक गृहीत दडलेले आहे. देह मोडतो, पण मन मोडायचे की नाही हे माणसाच्या हातात असते. ते खरे आहे का? टॉल्किन २४ वर्षांचे असताना, १९१६ मध्ये, सॉमच्या रणभूमीवर होते. त्यांच्या चौघा शाळूमित्रांच्या गटातले दोघे त्याच वर्षी मारले गेले, एक तर लढाईच्या पहिल्याच दिवशी. त्या महायुद्धात तोफांच्या सततच्या माऱ्याने चांगल्या धीट माणसांची मने काचेसारखी तडकली. ब्रिटनने पळून जाणे, भेकडपणा यांसारख्या आरोपांखाली आपल्याच फौजेतल्या ३०६ जणांना गोळ्या घालून मारले. त्यांना मरणोत्तर माफी मिळायला २००६ साल उजाडले. बळ ओसरताना मन कणखर करा, हा उपदेश त्या ३०६ जणांनीही ऐकला असेल.

माल्डनच्या योद्ध्यापासून फ्रोडोपर्यंत एकदम उडी मारता येत नाही. मध्ये आणखी एक काव्य आहे आणि ते आपल्यासारख्या वाचकांना अधिक जवळचे वाटावे. चौदाव्या शतकातले ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’. टॉल्किन यांनी ई. व्ही. गॉर्डन यांच्या सहकार्याने १९२५ मध्ये त्याची अभ्यासपूर्ण आवृत्ती काढली आणि १९५३ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे स्वतःची कादंबरी छापखान्याच्या वाटेवर असताना, ग्लासगो येथे त्यावर व्याख्यान दिले.

नववर्षाच्या मेजवानीला राजा आर्थरच्या दरबारात एक हिरवा योद्धा हिरव्या घोड्यावर बसून येतो. माझ्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घाला, वर्षाने तोच घाव मी परत करीन, असे आव्हान देतो. गवेन त्याचे मस्तक उडवतो. पाहुणा ते उचलून, तारखेची आठवण देऊन निघून जातो. वर्ष सरत आल्यावर गवेन मरण पत्करायला निघतो. त्याच्या ढालीच्या आतल्या बाजूस पवित्र मरियेची प्रतिमा आहे. नाताळच्या तोंडावर, मिस्सा ऐकायला कुठेतरी आसरा मिळावा म्हणून तो प्रार्थना करतो आणि समोर एक किल्ला दिसतो. तिथला यजमान एक खेळ सुचवतो. दिवसभरात मी शिकारीत जे मिळवीन ते तुमचे, तुम्ही घरात जे मिळवाल ते माझे. यजमानाची पत्नी तीन दिवस गवेनला मोहात पाडू पाहते. तो शील सांभाळतो, शिष्टाचारही सांभाळतो, मिळालेली चुंबने संध्याकाळी इमानाने यजमानाला परत करतो! तिसऱ्या दिवशी मात्र ती त्याला एक हिरवा पट्टा देते. तो बांधणाऱ्याला मरण येत नाही म्हणते आणि पतीपासून लपवायला सांगते. गवेन तो घेतो, लपवतो आणि मग जाऊन पापनिवेदन करतो. ते पापनिवेदन पुरे होते का, पट्टा जवळ ठेवून मिळालेली क्षमा खरी का, हा वाद अभ्यासकांत अजून संपलेला नाही. टॉल्किन यांनीही आपल्या व्याख्यानाचा मोठा भाग या मोहाला आणि या कुमसाराला दिला. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रसंग कोणी चर्चेला घेत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

पुढे कुऱ्हाड गवेनच्या मानेला निसटता ओरखडा काढते, तेवढीच. हिरवा योद्धा म्हणजेच तो यजमान. तो हसून म्हणतो की, तुझा दोष लहान आहे. तुला जीव प्यारा होता. पण गवेनचे समाधान होत नाही. तो पट्टा आपल्या लाजेची खूण म्हणून अंगावर मिरवीत तो परततो. दरबारात सारे हसतात, त्याला जवळ घेतात आणि ठरवतात की यापुढे आपण सर्वांनी असाच हिरवा पट्टा वापरायचा. त्यांना गवेनची वेदना कळली की नाही, ते कवी सांगत नाही. मला वाटते, कळली नसावी. तरीही त्यांनी पट्टा बांधला.

माल्डनच्या शिपायाचा देह पडतो आणि मन ताठ राहते. गवेनचे मन जिवाच्या आशेने किंचित वाकते. फ्रोडोचे मनच मोडते. जिथे मोठमोठे वीर अंगठीला हात लावायला भ्याले तिथे तो महिनोन्‌महिने तिला उराशी बाळगून चालला होता. टॉल्किन यांचे आपल्या पत्रांतले म्हणणे असे की, त्या अखेरच्या जागी अंगठीचा दाब कोणाच्याही शक्तीपलीकडचा होता. वाटेत दरड कोसळून फ्रोडो चिरडला गेला असता तर आपण त्याला जितका दोष दिला असता, त्याहून अधिक दोष इथेही देता येत नाही. आपली ख्रिस्तसभाही गंभीर पापासाठी तीन गोष्टी आवश्यक मानते. बाब गंभीर हवी, तिची पूर्ण जाणीव हवी आणि पूर्ण संमती हवी. फ्रोडोची संमती पूर्ण होती असे कोण म्हणेल?

पण इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौल सांगतो की, देव आपली परीक्षा आपल्या शक्तीपलीकडे होऊ देत नाही. मग शक्तीपलीकडचा मोह असतो, असे एका श्रद्धावंत कॅथलिक लेखकाने कसे मांडावे? आणि टॉल्किन कॅथलिक होते ते नावापुरते नव्हे. त्यांच्या विधवा आईने १९०० साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली म्हणून नातेवाइकांनी तिची मदत तोडली. मधुमेहाने ती १९०४ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी वारली, आणि दोन्ही मुलांना बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतल्या फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी वाढवले. आपली कादंबरी मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे त्यांनी १९५३ मध्ये एका येशूसंघीय मित्राला स्वतःच लिहिले होते.

मी पौलाचे ते वाक्य पुन्हा उघडून पाहिले. त्याचा उत्तरार्ध आपण बहुधा विसरतो. देव परीक्षेबरोबर तिच्यातून निघण्याची वाटही ठेवतो, असे तो म्हणतो. ती वाट माणसाच्या स्वतःच्या मनगटातच असली पाहिजे, असे तिथे म्हटलेले नाही. फ्रोडोच्या कथेत ती वाट कुठे आहे? ती आहे गॉलममध्ये. अंगठी सापडली त्या दिवशी फ्रोडोच्या काकाने गॉलमला मारण्याची संधी असूनही दयेपोटी जिवंत सोडले होते. प्रवासात फ्रोडोनेही त्याला जीवदान दिले. डोंगराच्या उतारावर सॅमची तलवार उगारलेली होती. पण थोडा काळ त्याने स्वतः ती अंगठी वागवली होती, म्हणून गॉलमच्या यातनांचा त्याला पुसटसा अंदाज आला आणि त्यानेही हात आवरला. या तीन दया घडल्या नसत्या तर त्या कड्यावर फ्रोडोच्या हातून अंगठी हिसकावायला कोणी उरले नसते.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतील शेवटच्या विनंत्यांचा क्रम लक्षात घ्या. आधी आपण इतरांना क्षमा करतो तशी आपल्याला मिळावी ही विनंती, मग मोहाची, मग वाइटापासून सुटकेची. लहानपणापासून आपण ही प्रार्थना घोकत आलो आहोत, पण या क्रमाकडे मी कधी पाहिले नव्हते. कादंबरीचा क्रम तोच आहे. आधी क्षमा केली जाते, मग मोह येतो, त्यात मन मोडते, आणि सुटका पूर्वी केलेल्या क्षमेच्या हातून होते. टॉल्किन यांनीही आक्षेपांना उत्तर देताना याच प्रार्थनेचा दाखला दिला होता. अंगठी नष्ट होते ती तारीख त्यांनी २५ मार्च ठेवली आहे. हा मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाचा सण, आणि मध्ययुगीन परंपरेप्रमाणे पहिल्या उत्तम शुक्रवाराचाही दिवस. कथेत याचा उच्चार नाही. ज्याला कॅलेंडर ठाऊक त्याला कळावे, इतकेच.

आपण वसईकर संत गोन्सालो गार्सियांचा सण अभिमानाने साजरा करतो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी मरण पत्करले. मन मोडले नाही. पण त्याच जपानात पुढच्या शतकात हजारो साध्या ख्रिस्ती लोकांना येशू-मरियेच्या प्रतिमांवर पाय ठेवायला लावले गेले. त्यांनी पाय ठेवला. घरी जाऊन ते अनुतापाची प्रार्थना म्हणत आणि वर्षाने पुन्हा पाय ठेवत. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, अशा स्थितीत या पाय ठेवणाऱ्यांनीच दोनशेहून अधिक वर्षे बाप्तिस्मा आणि प्रार्थना जपल्या. १८६५ मध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये येऊन त्यांच्या वंशजांनी एका फ्रेंच धर्मगुरूला आपली ओळख दिली, तेव्हा साऱ्या जगाला आश्चर्य वाटले. याच्या कितीतरी आधी, २५० सालच्या छळात डगमगलेल्यांना परत घेऊच नये असे रोममध्ये नोव्हेशियनने म्हटले होते. ख्रिस्तसभेने ते मान्य केले नाही. प्रायश्चित्तानंतर त्यांना घ्यावे म्हणणारे कार्थेजचे बिशप संत सिप्रियन त्या छळात स्वतः लपून राहिले होते. २५८ मध्ये मात्र ते हुतात्मा झाले.

हुतात्म्याचे मोल याने कमी होते असे मी म्हणत नाही. फ्रोडोची हार ही हारच आहे. टॉल्किन तिला विजयाचा मुलामा देत नाहीत. घरी परतल्यावरही त्याच्या जखमा दरवर्षी त्याच तारखांना उसळतात, स्वतःच्या गावात त्याला चैन पडत नाही, आणि शेवटी तो समुद्रापार निघून जातो. दोष नसला तरी जखम राहते, हे या अद्भुतकथेला कळले आहे.

एक प्रसंग मात्र मला आता सोसवत नाही. प्रवासात एका उंच जिन्यावर फ्रोडो आणि सॅम थकून झोपले आहेत. त्यांना मृत्यूच्या गुहेत नेण्याचा बेत करून परतलेला गॉलम त्यांच्याकडे पाहत राहतो. त्याचा चेहरा पालटतो. तो थरथरता हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला हळूच स्पर्श करतो. त्या क्षणी तो दुष्ट राहिलेला नसतो, नुसता एक फार म्हातारा, थकलेला जीव असतो. इतक्यात सॅम जागा होतो आणि चोरट्यासारखा काय घुटमळतोस म्हणून त्याच्यावर खेकसतो. गॉलमच्या डोळ्यांत पुन्हा हिरवी चमक येते. तो क्षण गेला तो गेलाच. टॉल्किन यांच्या लेखी साऱ्या कथेतला हा कदाचित सर्वांत शोकात्म क्षण होता. सॅम वाईट नाही. साऱ्या पुस्तकात त्याच्याइतका निष्ठावान कोणी नाही. तो फक्त जागा होता होता चुकीचे बोलला.

गेल्या महिन्यात मी त्या नातलगाच्या घरी गेलो. आईची खाट अजून तिथेच आहे; तिच्यावर आता वर्तमानपत्रांची रद्दी असते. मी त्याला म्हणालो की, कबरस्तानाच्या फाटकापाशी मी जे बोललो त्याबद्दल मला क्षमा कर. तो म्हणाला, “कधी? मला तर आठवतही नाही.” आम्ही चहा घेतला, पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. मी निघताना तो फाटकापर्यंत सोडायला आला आणि तिथे उभा राहून त्याने माझे ते वाक्य मला जसेच्या तसे म्हणून दाखवले.